मानाचा पहिला नंबर

बारावीचा निकाल लागल्यापासून पुढचं कॉलेज ठरेपर्यंत डोंबिवलीत वीज गेली तरी बिघडायचं नाही, असं माझं मत आहे. त्या दिवसांत घराघरांतून आईबाप ज्या वेगाने येरझारा घालतात, त्यांच्या पायांना नुसता पट्टा जोडला तर अख्ख्या स्टेशन रोडचे दिवे लागतील. हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे. म्हणजे दिवे नाही, येरझारा.

माझं ऑफिस डोंबिवली पूर्वेला, एका पोळी-भाजी केंद्राच्या बरोब्बर डोक्यावर होतं. बोर्डावर 'प्रवेश मार्गदर्शन' लिहिलेलं, पण खालून येणाऱ्या मटकीच्या उसळीच्या वासाने निम्मी माणसं जिना चढायची आणि वर आल्यावर शरमून मुलाचे मार्क सांगायची. यंदा मी ते बंद केलं. गुडघे बोलायला लागले, आणि माझ्यापेक्षा मोठ्याने बोलायला लागले, हे मला सहन झालं नाही. माझा आवाज हा आमच्या भागातला एक नैसर्गिक चमत्कार मानला जायचा. मी टेबलावरून 'पुढचा' म्हटलं की पलीकडच्या दवाखान्यातला पेशंट उठून उभा राहायचा.

पण जून आला तशी मी घरात स्वस्थ बसेना. फ्रिज उघडते, बंद करते. गॅलरीत जाते. शेजारच्या मुलाचा बारावीचा निकाल लागला, तर त्याच्या आईच्या आधी मी त्यांच्या दारात. नवरा म्हणतो, "अगं, बस ना जरा." बसायची सवयच नाही मला. माझ्या ऑफिसातल्या खुर्च्यासुद्धा बसून कधी मोडल्या नाहीत, त्या पाय हलवणाऱ्यांनी मोडल्या. दर पावसाळ्यात सुतार यायचा आणि म्हणायचा, मॅडम, तुमच्याकडे माणसं येतात की शिलाई मशीनं.

काम काय होतं ते सांगते. बारावीनंतर इंजिनिअरिंगला जायचं ठरवलेल्या मुलांना कुठलं कॉलेज घ्यावं, हे ठरवायला मदत करणं. लोकांना वाटतं मार्क बघायचे, कॉलेज सांगायचं, झालं. तसं असतं तर मला कुणी चहाही पाजला नसता, कारण ते सगळं मशीन करतं. तुम्ही कॉलेजांची यादी द्यायची. सगळ्यांत जास्त हवं ते वर, त्याहून कमी हवं ते त्याच्या खाली. मशीन वरून वाचत येतं आणि तुमचे मार्क जिथे पहिल्यांदा पुरतात तिथे तुम्हाला बसवतं. अशा काही फेऱ्या होतात. सोपं आहे की नाही? आता यातला 'हवं' हा शब्द बघा. कुणाला हवं? माझी सगळी हयात या एका प्रश्नात गेली.

शहाडचे एक गृहस्थ आले होते. त्यांनी यादीची सुरुवातच आसनगावच्या बाजूच्या कॉलेजांपासून केली. कारण विचारलं तर म्हणाले, "सकाळी तिकडे जाणारी गाडी रिकामी असते. पोरगा खिडकीत बसून जाईल."

"आणि अभ्यासाचं काय?"

"खिडकीत बसून होतो ना."

मुलगा शिकला. आता मोठ्या कंपनीत आहे आणि रोज उभा जातो, असं हे गृहस्थ दर दिवाळीला फोन करून मला घरातलं कुणी आजारी असल्यासारखं कळवतात.

वर्तकनगरच्या एक काकू तर कॉलेज बघायला जायच्या म्हणजे थेट मुलींच्या बाथरूममध्ये जायच्या. कडी लागते का, नळाला पाणी आहे का, आरसा धड आहे का. लॅब, ग्रंथालय, नोकऱ्या किती लागतात, कशाशी देणंघेणं नाही. मी आधी खूप हसले. आता कुठल्याही कॉलेजात गेले की मीही आधी कडी लावून बघते.

माझ्या हातून इतकी पोरं इंजिनिअर झाली, की शीळ रस्त्यावर गाडी खड्ड्यात गेली की मी शिवी देत नाही. न जाणो, माझ्याच कुणाचं काम असायचं. पण सगळ्यांत जास्त जिने मला ज्या एका मुलीने वरखाली करायला लावले, ती कोलशेतची सानिका.

सानिकाचं घर कोलशेतचं जुनं, मूळचं. आजोबांच्या हयातीत घरची भातशेती होती, खाडीलगत मिठाचं काम होतं. पुढे जमिनी गेल्या, पैसा आला, बंगला आला. सानिकाच्या आईचं माहेर आमच्या आयरे गावातलं, म्हणून ठाण्यातले शहाणे सोडून ही मंडळी माझ्याकडे आली. आली ती यादी भरायच्या शेवटच्या दिवशी, दुपारी. त्यांची पांढरी गाडी एवढी मोठी होती, की ती खाली उभी राहिल्यावर पोळी-भाजी केंद्रात अंधार पडला आणि पोळ्या लाटणाऱ्या बायकांनी दिवे लावले.

तिघं वर आले. पुढे सानिकाचे वडील, रमाकांतशेठ, दोन्ही हातांत एकेक फोन. मागे आजोबा, त्यांना सगळे आबा म्हणायचे. पांढरी टोपी, पांढरा शर्ट, पाठ अशी ताठ की खुर्चीला त्यांच्याकडे बघून लाज वाटावी. आणि सगळ्यांत मागे सानिका, बोटावरचं नेलपॉलिश खरवडत.

यादी घरूनच तयार करून आणलेली होती. मी वाचली आणि उठून उभी राहिले. खाली चार सरकारी कॉलेजं, सगळी लांबची, विदर्भातली, सगळीकडे सिव्हिल. बांधकामाचं शिक्षण. मुलीचे मार्क बघता यातलं एखादं मिळण्याजोगं. आणि सगळ्यांत वर, पहिल्या नंबरला, त्यांच्याच घराजवळचं खाडीकडचं एक कॉलेज. नाव सांगत नाही. वाईट नव्हतं, पण या मुलीला ते डोळे मिटून मिळालं असतं.

"हे वर कसं?" मी विचारलं.

"ते मानाचं आहे, ताई," रमाकांतशेठ म्हणाले. "ते कॉलेज आबांच्या जमिनीवर उभं आहे. तिथे आमचा भात व्हायचा. मग पहिला नंबर आबांचा नको? दोन नंबरपासून खरी यादी चालू."

"मानाचं म्हणजे?"

"म्हणजे लग्नाची पहिली पत्रिका आपण गावदेवीला ठेवतो ना? देवी काय जेवायला येते? पण पहिली तिलाच."

मी आयुष्यात नाना तऱ्हेच्या याद्या बघितल्या. मैत्रिणींनी एकमेकींच्या उतरवलेल्या, ज्योतिषाने सांगितलेल्या, एक तर फक्त कॉलेजच्या गणवेशाचा रंग बघून केलेली. पण मशीनला पत्रिका देणारं घर मला पहिल्यांदा भेटलं.

"रमाकांतशेठ," मी म्हटलं, "देवी येत नाही, बरोबर. पण हे मशीन येतं. आणि येतं ते बॅग घेऊन मुक्कामाला येतं."

मग मी समजावलं, आणि तुम्हालाही समजावते, कारण सगळं यावर आहे. पहिल्या फेरीत जर तुम्हाला यादीतलं अगदी पहिलंच कॉलेज लागलं, तर ते आपोआप पक्कं होतं. तुम्हीच म्हणालात ना, हे सगळ्यांत जास्त हवंय? घ्या मग. पुढच्या फेऱ्यांचं दार बंद. सानिकाचे मार्क त्या कॉलेजला पुरून उरत होते. म्हणजे खालची चार कॉलेजं मशीनने वाचलीसुद्धा नसती.

रमाकांतशेठचा चेहरा बघण्यासारखा झाला. "पण आबांना खाली कसं टाकायचं?"

"एक बोट लावून. हे बघा, असं."

"तसं नाही, ताई. गावात सगळ्यांना सांगून झालंय, पोरीने पहिला नंबर आबांच्या कॉलेजला दिला म्हणून."

"गाव काय मशीनमध्ये बघायला येणारे?"

"आमचं गाव कुठेही बघायला येतं."

मी सानिकाकडे वळले. "तुला काय हवंय गं?"

"काहीपण चालेल," ती म्हणाली.

काहीपण चालेल म्हणणारी मुलं माझ्याकडे पोत्याने आली. त्यांतल्या एकालाही काहीपण चाललं नाही. पण ती पुढे बोलेना, वडील फोनमधून मान वर काढेनात, घड्याळ काही थांबेना. मुदत संध्याकाळची. मी खिडकीपाशी जाऊन आले, पाणी प्यायले, पंखा वाढवला, परत कमी केला.

आबा म्हणाले, "रमाकांत, घरच्या लग्नात यजमान कवा जेवतो?"

"आबा, आता जेवणाचं काय मध्येच?"

"सांग ना. कवा बसतो?"

"शेवटच्या पंगतीला."

"मंग मना शेवटी लिव."

रमाकांतशेठनी माझ्याकडे बघितलं, मी सानिकाकडे. ती हसली नाही, पण नेलपॉलिश खरवडायची थांबली. मी आबांचं कॉलेज उचलून तळाला टाकलं आणि यादी पाठवून दिली. जिना उतरताना आबांनी खालच्या पोळ्या चाखल्या आणि मीठ कमी आहे म्हणून सांगितलं. मिठाचं सांगायचा त्यांचा हक्क होता.

आता तुम्ही म्हणाल, सुटला प्रश्न. मलाही तसंच वाटलेलं. पण त्या वर्षी सगळ्या महाराष्ट्राला एकाच रात्री सिव्हिलचं स्वप्न पडलं की काय कोण जाणे. पहिली फेरी लागली, आणि वरच्या चारांतलं एकही नाही. सानिकाला लागलं शेवटचं. आबांचं.

रमाकांतशेठ पेढ्यांचे बॉक्स घेऊनच आले, मागे आबा आणि सानिका. जिन्यावरूनच बोलत आले. "ताई, बघितलंत का? शेवटी बसवलं तरी पान आबांचंच आलं. देवाच्या मनात हेच आहे. करून टाका पक्कं."

तेव्हा मला त्यांना दुसरा नियम सांगावा लागला, आणि तो सांगताना माझा आवाज पोळ्या लाटणाऱ्यांपर्यंतसुद्धा पोचला नाही. मिळालेली जागा तुम्ही दोन तऱ्हांनी घेऊ शकता. एक, पक्की करून टाका, विषय संपला. दुसरी, हातात ठेवा आणि पुढच्या फेरीत वरचं काही मिळतंय का ते बघा. नाही मिळालं तर हातातली राहते. पण वरचं मिळालं, तर हातातली आपोआप जाते. मग 'नको, आधीचीच द्या' म्हणता येत नाही.

"म्हणजे आबांचं जाणार?" रमाकांतशेठ म्हणाले.

"वरचं लागलं तर."

"मग कशाला ती फुकटची धाकधूक? पक्कं करा. घरापासून चालत जाईल, चालत येईल."

"गेटवर कोण असतं, पप्पा?" सानिकाने विचारलं.

त्या खोलीत तिचा आवाज असा पहिल्यांदाच आला. वडील चपापले. "बबनकाका असतो. का?"

"पार्किंगला?"

"मामाची माणसं. त्याचंच काँट्रॅक्ट आहे."

"कँटीन?"

"आपलंच की. तुला माहितीये."

"मग मी कॉलेजला कुठे जाणारे? घरातच राहणार. फक्त हॉल जरा मोठा."

"अगं, चांगलंय ना. तुला तिथे कुणाची बोलायची हिंमत नाय होणार. प्रिन्सिपल आबांना बघून उठून उभे राहतात."

"तेच तर. मला नापास करायची कुणाची हिंमत होईल का?"

रमाकांतशेठ हसले. "ही तक्रार आहे?"

"हो," ती म्हणाली. "मी पास झाले तर मला कसं कळणार, मी झाले की आबा झाले?"

मी एवढी वर्षं मुलांना बोलतं करायला काय काय केलं. चॉकलेटं दिली, गाणी म्हटली, एकाला तर मी स्वतः गणितात कितीदा गचकले ते शपथेवर सांगितलं, जे खोटं होतं. आणि ही मुलगी नुसत्या गेटपासून कँटीनपर्यंत चालत गेली आणि सगळं बोलून मोकळी झाली.

"आणि तिकडे विदर्भात चार वर्षं तुझ्याकडे बघणार कोण?" वडिलांनी विचारलं.

"कुणी नाही," सानिका म्हणाली. तिने हे अशा आवाजात सांगितलं, जणू त्या कॉलेजच्या सोयींची जाहिरात वाचतेय.

सगळे आबांकडे बघायला लागले. आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"तिथं खाडी हाय?"

"नाही, आबा."

"समुद्र?"

"समुद्र कुठून असणार?"

"मंग म्हावरं?"

"तलावातलं मिळत असेल."

"तलावातलं," आबा म्हणाले, आणि त्यांनी असा चेहरा केला की तळ्यातल्या माशांनी बघितला असता तर त्यांनी स्थलांतर केलं असतं. मग बराच वेळ ते तिच्या हातांकडे बघत राहिले. नेलपॉलिश आता कुठेच उरलेलं नव्हतं.

"दाब बटन," ते म्हणाले. "तूच दाब. नंतर कोनी म्हनायला नको, म्हाताऱ्यानं दाबलं."

तिने दाबलं. जागा हातात ठेवून पुढच्या फेरीत उतरायचं. रमाकांतशेठ पेढ्यांचे बॉक्स तसेच टेबलावर ठेवून खाली गेले आणि गाडीत जाऊन बसले.

दुसरी फेरी लागेपर्यंत मी किती येरझारा घातल्या असतील. नवरा म्हणतो फरशी बदलावी लागली. खरं सांगायचं तर फरशी आधीच फुटलेली होती. पण झोप नव्हती एवढं नक्की. वरचं नाही लागलं तर ती मुलगी त्या गेटातून बबनकाकाला हात करत आत जाणार, आणि लागलं तर आबांच्या जमिनीवरची जागा कायमची जाणार. दोन्हीत कुणीतरी माझ्याकडे वळून बघणार होतं.

फोन रमाकांतशेठचा आला.

"ताई, गेलं."

"काय गेलं?"

"आबांचं कॉलेज."

"आणि लागलं काय?"

ते पडलेल्या आवाजात म्हणाले, "अमरावती."

सानिका गेली. निघताना भेटायला आली नाही, आणि मला त्याचा आनंदच झाला. माझ्याकडे परत येणारी मुलं बहुतेक अडचणीत असतात.

थंडी पडली तेव्हा तिचा फोन आला. "ताई, घरी बोलू नका हां. मी दोन विषयांत उडाले." पाठीमागे हॉस्टेलचा गोंगाट होता. मग ती हसायला लागली. "कुणी पास केलं नाही मला. नावसुद्धा नाय विचारलं." हसता हसता तिचा आवाज जरा फाटला, आणि तिने फोन ठेवला. तेव्हापासून मी ते हसू कुठल्या खात्यात धरायचं याचा विचार करते आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आबा आले. एकटे. ती मोठी गाडी नव्हती, रिक्षाने आलेले. हातात पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रात बांधलेली सुकट. त्या वासाने खालच्या शाकाहारी पोळी-भाजी केंद्राचा जीव कासावीस झाला, पण आबांना बोलायची कुणाची हिंमत झाली नाही.

"पोर फोन करते," ते म्हणाले. "दोन मिंटं. जेवलीस का इचारलं की हो म्हनते. आवाजावरनं जेवल्यासारखी वाटत नाय."

"पहिलं वर्ष आहे, आबा. लागते सवय."

"बराबर." ते खुर्चीत बसले होते, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांचा पाय हलताना बघितला. "एक इचारू, बाय? असंच इचारतो. लोक बोलतात, दुसऱ्या वर्साला कॉलेज बदलून घेता येतं. तिकडनं इकडं. आपल्या कॉलेजात जागा हाय, मी इचारून आलो. तसा नियम हाय का?"

नियम आहे. दुसऱ्या वर्षाला जागा रिकामी असली तर बदलून घेता येतं. मी कितीतरी मुलांना तसं आणलंय. त्या नियमाचा कागद माझ्या टेबलाच्या काचेखाली होता, त्याच्यावर आबांची पिशवी होती.

मी आजवर हजार थापा मारल्या, या लेखातसुद्धा मोजाल तर ओंजळभर सापडतील. पण प्रवेशाच्या नियमाबद्दल खोटं मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. धंद्याची तेवढी एक अब्रू मी राखलेली. डोळ्यांसमोर ती मुलगी आली. दोन विषयांत उडालेली, आणि नीट जेवत नसणारी. ती परत यायला उत्सुक असेल का, हे मला खरंच माहीत नव्हतं. आजही नाही.

"नाही, आबा," मी म्हटलं. "तसा नियम नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चांगला वेळ बघितलं. खाली कुणीतरी जोरात पोळ्या मोजत होतं.

"नक्की?"

"नक्की."

त्यांचा पाय थांबला. ते उठले, टोपी नीट बसवली. "बरं झालं बाय. नियम असता ना, तर उद्याच गेलो असतो तिला आनायला. मना राहवलं नसतं."

सुकटीची पुडी माझ्यासाठी ठेवून, रिकामी पिशवी काखेत मारून ते जिना उतरायला लागले. अर्ध्यात थांबले. मागे न बघताच म्हणाले, "आनि घरातून दुसरं कोनी इचारायला आलं ना, तर त्यालाबी हेच सांग."